भुवईची खूण

लोखंडेबाईंनी पितळी ताटावर पळी आपटली आणि पुनीनं वळून पाहिलं.

"बघा," मी म्हणालो. "कान आमच्या घराण्याचाच हाय."

लोखंडेबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविका. पुनी माझी नात, त्या दिवशी सव्वादोन वर्षांची. ती बाजेवर माझ्या मांडीत, माझ्याकडं तोंड करून बसली होती. बाई तिच्या पाठीमागं ताट-पळी घेऊन उभ्या होत्या. दारात माझी सून छाया, कोपरापर्यंत पिठात, श्वास धरून.

"वळली की वो, बाई," छाया म्हणाली आणि तिनं तो श्वास सोडला.

बाईंचं समाधान झालेलं नव्हतं. त्या बाजेच्या काठावर टेकल्या आणि मांडीवरची वही उघडली.

"मास्तर, पोर 'आई' म्हणती का?"

"कशाला म्हणंल? आई सदानकदा समोरच असती."

"मस्करी नगा करू. पाणी मागती?"

"हात धरून माठापाशी नेती," छाया म्हणाली.

"तोंडानं मागती का?"

छायानं मान हलवली.

"हाक मारल्यावर बघती?"

"कवा बघती, कवा न्हाई. खेळात असली की न्हाईच."

"ह्या वयाला पोरं दोन-दोन शब्द जोडत्यात. 'आई ये', 'दूध दे'. हिच्याच बरोबरीची शिकलगाराची पोरगी मला 'बाई, गोळी द्या' म्हणून पदर ओढती." बाईंनी वहीचं पान फाडलं. "मी चिठ्ठी देते. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन हिचा कान तपासून घ्या. ताट वाजवून मला काय कळतंय? तिथं मशीन हाय."

आता एक सांगायला पाहिजे. मी सर्जेराव आवळे, चाळीस वर्षं ब्रास बँडचा मास्तर. आमच्या धंद्यात 'त्याला कान नाही' ही शिवी आहे. ढोलकं फुटलं तर नवं येतं, माणूस दारू प्याला तर उतरते, पण ज्याला कान नाही त्याला बँडात कुणी उभं करत नाही. आणि ही बाई माझ्याच बाजेवर बसून माझ्या नातीचा कान तपासा म्हणत होती.

दुसरं सांगायचं ते असं, की मी थापाड्या आहे. गाव मला त्यासाठीच चहा पाजतं. ह्या सगळ्या हकिकतीत माझ्या दोन थापा आहेत. एक तोंडानं मारलेली, दुसरी तोंड न उघडता. बाकीचं जसं घडलं तसं आहे.

तोंडाची थाप मी तिथंच मारली.

"बाई," मी म्हणालो, "तुमाला ठावं न्हाई, पण मी सोता पाच वर्सं बोललो न्हवतो."

"मास्तर, तुमी?"

"एक अक्षर न्हाई. आई देवऋषी करून दमली. सगळं गाव मला मुका सर्जा म्हणायचं. मग एक दिवस गल्लीतनं वरात चालली. म्होरं क्लॅरिनेटवाला, गाल फुगवून. मी आईच्या कडंवर. आन् मी वरडलो, 'आवं, सूर उतरलाय तुमचा.' बँड जागच्या जागी थांबला. घोडं थांबलं. नवरदेवाच्या मुंडावळ्या हलायच्या थांबल्या."

छाया दारातच हसायला लागली होती. ही गोष्ट तिनं ऐकलेली नव्हती, कारण ती मी त्या घटकेला तयार करत होतो.

"म्होरं ऐका. पाच वर्सांचं बोलणं आत साठलेलं. ते तीन दिवस, तीन रात्री थांबंना. आईनं तोंडात भाकरी कोंबली, तर भाकरीतनं बोललो. मग डॉक्टर आणला, ह्याला झोपंचं इंजक्शन द्या म्हणून. त्यानं सुई भरली. तवर मी त्याला अशी एक गोष्ट सांगितली, अशी सांगितली, की डॉक्टरच बाजंवर आडवा झाला. सुई हातात तशीच."

मी नेहमीसारखी मांडीवर थाप मारली, भुवई उडवली. आणि पुनी खळाळून हसली. नेमकी तिथंच, जिथं हसायला पाहिजे.

"आता सांगा," मी म्हणालो. "ह्या पोरीला ऐकू येत न्हाई म्हणं. माझी गोष्ट तुमच्या आधी हिला कळली."

लोखंडेबाईही हसल्या. हसताना त्यांचं बोट त्या चिठ्ठीवर तसंच होतं. जाताना त्यांनी ती छायाच्या हातात न देता माझ्या हातात दिली, कारण छायाचे हात पिठाचे होते. "तरी एकदा दाखवून या, मास्तर," त्या म्हणाल्या. "हसणं येगळं, बोलणं येगळं."

मी चिठ्ठीची घडी घातली आणि क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवली.

*

त्यानंतर लग्नसराई लागली. आमचा बँड अठरा माणसांचा. माझा मुलगा हणमंत मोठा ढोल वाजवायचा, छातीवर बांधायचा तो, ज्याच्या ठोक्यानं दुकानांच्या फळ्या हलतात. छाया माहेरी असली तर ठीक, नाहीतर पुनीला घेऊन आमच्याबरोबर यायची. सामानाच्या हातगाडीवर गोधडी टाकून पोरीला झोपवायची. पुढं आम्ही भर दुपारी वरात दणाणून सोडायचो आणि ती गाडीवर गाढ झोपलेली. हणमंतचा ढोल तिच्यापासून चार हातांवर.

लोक बघायला यायचे. "मास्तर, नात झोपली काय अशा दणक्यात?"

"तिला अंगाईच ही लागती," मी सांगायचो. "परवा बँड बंद झाला तर दचकून उठली."

हे सांगताना मला जो अभिमान वाटायचा तो मला आजही आठवतो. जागी असली की पुनी हणमंतच्या ढोलाला दोन्ही तळवे चिकटवून उभी राहायची. ठोका पडला की हसायची, पुढच्या ठोक्याची वाट बघायची. रक्त आहे, आम्ही म्हणायचो.

माझ्यावर तर ती नजर लावूनच असायची. का, ते सांगतो. बँडमास्तरच्या तोंडात क्लॅरिनेट असते, दहाही बोटं तिच्यावर. मग अठरा माणसांना खूण करायची कशानं? भुवईनं. माझी डावी भुवई एकदा उडाली की गाणं बदलायचं, दोनदा उडाली की थांबायचं. एकदा पलूसच्या वरातीत माझ्या भुवईवर माशी बसली. मी ती भुवईनंच दोनदा झटकली, तर बँड ऐन चौकात गप्प. नवरदेवाला वाटलं लग्नच मोडलं. तो घोड्यावरून उतरला आणि उसातून पळाला.

ही थाप तिसरी झाली, पण ती हिशेबात धरू नका. भुवईचं मात्र खरं आहे. अठरा माणसं माझ्या कपाळाकडं बघत वाजवायची आणि एकोणिसावी गाडीवरून बघायची.

मधूनमधून छाया विषय काढायची.

"मामा," ती म्हणायची. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. "पुनीला तीन वरीस झालं. अजून नुसतं आ-आ करती."

"दम धर की. मी पाच वर्सं..."

"ते झालं. पर ती चिठ्ठी..."

"आबा सांगत्यात न्हवं," हणमंत जेवता जेवता म्हणायचा. "आबांचंच झालंय तिच्यात. एकदा सुरू झाली की तुलाच कानांत बोळं घालाय लागतील."

आणि घरात हसणं व्हायचं. हसणं झालं की विषय संपायचा. माझी गोष्ट एव्हाना मलाच इतकी पटली होती की तिच्यात मी नवीन माणसं भरली होती. देवऋष्याला नाव मिळालं होतं. डॉक्टर झोपेत घोरायला लागला होता. छायाच्या आईनं ती तिच्या गावात नेली, आणि तिथल्या एका बाईनं म्हणे आपल्या मुक्या मुलाची काळजी करायचं सोडून दिलं. हे मला कौतुकानं सांगितलं गेलं. मी कौतुकानं ऐकलं.

*

पुनीला चौथं वर्ष पुरं व्हायला पंधरा दिवस होते. आषाढ होता, लग्नं बंद. बँडचे ड्रेस पेटीत गेले होते. सकाळी दहाचा सुमार असेल, मी बाजेवर बसून क्लॅरिनेट पुसत होतो. छाया दारातून आत आली ती पुनीला खाकेत पोत्यासारखी धरून. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं?"

पाठोपाठ दारात शेजारचा बाबू शिकलगार आला. तोच म्हणाला, "मास्तर, ट्रॅक्टर माघारी येत हुता. डायवर हारन मारतोय, आम्ही सगळी वरडतोय, आन् पोरगी चाकाम्होरं बसून खडं येचतीया. बोटभर अंतर ऱ्हायलं. वैनींनी उडी टाकली म्हणून वाचली."

"खेळात असंल," मी म्हणालो.

छायानं पुनीला बाजेवर बसवलं. तिच्या हातात भुईमुगाच्या चार शेंगा दिल्या. बाबूला म्हणाली, "भाऊजी, तुमी जावा." तो गेला. तिनं दार लोटलं.

"मामा, तुमची गोष्ट सांगा."

"कुठली?"

"पाच वर्सांची."

"आता? अगं, पोर भेदरलीया, तिला पाणी दे आधी."

"पोर भेदरलेली न्हाई. बघा तिच्याकडं. तिला काय झालं त्ये म्हाईतच न्हाई." ती माझ्याकडं बघत नव्हती. "उठा. तिच्या माघारी उभं ऱ्हावा. आन् सांगा."

मी उठलो. सून सासऱ्याला असं सांगत नसते आमच्यात, आणि छाया तर कधीच नाही. म्हणून उठलो. पुनीच्या पाठीमागं, हातभर अंतरावर उभा राहिलो. छाया तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं आपला चेहरा बंद केला. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुकान बंद करतात तसा.

मी सांगायला लागलो. मुका सर्जा, देवऋषी, वरात. माझा आवाज असा की लाउडस्पीकर बिघडला तर पुढारी मला बोलवायचे. 'सूर उतरलाय तुमचा' मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्या घरातली म्हातारी काय झालं म्हणून विचारायला लागली.

पुनी शेंग फोडत होती. एक दाणा तिनं छायाला दिला.

मी गोष्ट पुढं नेली. तीन दिवस, तीन रात्री. भाकरीतून बोललो. डॉक्टर आला. सुई भरली. मी वाकलो, तिच्या टाळूपाशी तोंड नेऊन सांगितलं की डॉक्टरच आडवा झाला. मांडीवर थाप मारली. सवयीनं भुवईही उडाली, तिच्या पाठीमागं, कुणालाही न दिसता.

पुनीनं दुसरी शेंग घेतली.

"आता म्होरं या," छाया म्हणाली. "बोलू नगा."

मी पुढं आलो, छायाच्या शेजारी उकिडवा बसलो. पुनीनं मान वर केली, मला बघून तिचे डोळे माझ्या कपाळावर गेले. मी एक शब्द बोललो नाही. फक्त डावी भुवई उडवली.

ती खळाळून हसली. शेंगा सांडेपर्यंत हसली.

माझ्या सगळ्या आयुष्यात मला असा श्रोता मिळाला नव्हता. हजार गोष्टी सांगितल्या मी तिला, मांडीवर घेऊन, अंगणात, हातगाडीवर. प्रत्येक गोष्टीला ती जागच्या जागी हसली. आणि तिनं एकही ऐकली नव्हती.

"चिठ्ठी कुठाय?" छायानं विचारलं.

मी पेटी उघडली. क्लॅरिनेटच्या टोकाला वेताची पत्ती लागते, फुंकायची. जादा पत्त्या मी त्या कागदात गुंडाळल्या होत्या. तिनं पत्त्या बाजेवर ओतल्या आणि कागद सरळ केला. घडीवर घडी पडून अक्षरं फाटली होती. वरची तारीख तेवढी धड होती.

*

जिल्ह्याच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाई वयानं छायाएवढ्याच होत्या. त्यांनी पुनीला औषध देऊन झोपवलं, कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवल्या. मशीनवर रेघा निघत होत्या. मला कळत नव्हतं, पण छाया त्या रेघांकडं अशी बघत होती जशी पुनी माझ्याकडं बघायची.

मग बाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येतं. जन्मापासूनच असणार. अगदी मोठा, जाड आवाज थोडा पोचत असेल."

"ढोलाला हसती की वो ती," मी म्हणालो.

"हात लावून हसते की न लावता?"

मला ते दोन तळवे दिसले, कातड्याला चिकटलेले.

"लोकांना वाटतं बोलायला तोंड लागतं," बाई म्हणाल्या. "बोलायला आधी कान लागतो. मूल जन्मल्यापासून वर्षभर ऐकत असतं, तेव्हा कुठं एक शब्द बाहेर येतो. हिचं ऐकणं कानाला मशीन लावल्यावर सुरू होईल. म्हणजे बोलण्याच्या हिशेबात ती आज तान्ही आहे." त्यांनी कोरा फॉर्म पुढं ओढला. "थोडी माहिती लिहून घेते. घरात आणखी कुणी उशिरा बोललं होतं?"

"हे," छाया म्हणाली. तिनं माझ्याकडं बोट केलं. "माझं सासरं. पाच वर्सांनी बोललं."

बाईंनी माझं नाव विचारलं. छायानं सांगितलं. बाईंनी लिहायला सुरुवात केली. निळी शाई होती. 'आजोबा, पाच वर्षे' एवढं कागदावर उमटलं. माझी थाप पहिल्यांदाच कुणीतरी लिहून घेत होतं.

"लिहू नगा," मी म्हणालो.

"काय?"

"ते खोटं हाय. मी पाच वर्सांनी बोललो न्हाई. आई सांगायची, मी वर्साच्या आत बोललो. 'बाबा' म्हणालो."

छायानं माझ्याकडं बघितलं नाही. बाईंनी ते खोडलं, दोन रेघा मारून, आणि खालची ओळ वाचली.

"आधी कधी कुणी तपासलं होतं? आवाजाला वळली होती का?"

"वळली हुती," छाया म्हणाली. आवाज सपाट. "सव्वादोन वर्सांची असताना. अंगणवाडीच्या बाईंनी पाठीमागं ताट वाजवलं, तवा."

इथं मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. आजतागायत कळलं नसतं.

"तेबी न्हाई," मी म्हणालो.

लोखंडेबाईंनी ताटावर पळी एकदा नव्हती आपटली, दोनदा आपटली होती. पहिल्यांदा आपटली तेव्हा छायाची पाठ होती, ती पीठ झाकायला वळली होती. आणि पुनी हलली नाही. तिची पापणीसुद्धा हलली नाही. दणका माझ्या दातांत उतरला आणि ती माझ्या शर्टाचं बटण बघत बसली होती. बाई म्हणाल्या, "परत वाजवते." छाया वळली. पळी वर गेली. आणि मी भुवई उडवून बाईंच्या बाजूला डोळे फिरवले, जसे मी ढोलवाल्याकडं फिरवायचो. आता तू. पुनीनं लगेच मान फिरवली. इतकी तयारीची होती ती. अठरा माणसांत तिच्याइतकं चलाख कुणी नव्हतं.

हे मी तिथं तुटक तुटक सांगितलं.

"चुकून उडाली भुवई?" छायानं विचारलं.

ती मला वाट करून देत होती. एवढं होऊनही. मी आयुष्यभर असल्या वाटांनीच निसटत आलो होतो.

"न्हाई. उडवली मी. बाई वहीत काय लिहितील म्हणून. आपल्या घरात कान न्हाई असं लिहितील म्हणून."

दारामागं कुणाचं तरी मूल रडत होतं. पुनी बाकावर झोपलेली होती, कपाळावर तारांचे चिकट ठिपके.

"बाई," छाया म्हणाली, "तवाच आणली असती तर?"

"आज आणलीत ना."

"सांगा की."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "पावणेदोन वर्षं जास्त मिळाली असती तिला," त्या म्हणाल्या. "हे वय भाषेचं असतं. पुढं शिकता येतंच नाही असं नाही. पण एकेका शब्दाला डोंगर चढावा लागतो."

येताना एसटीत छाया खिडकीशी बसली, पुनीला मांडीवर घेऊन. शेजारची जागा रिकामी होती. तिथं तिनं पिशवी ठेवली. मी मागं उभा राहून आलो.

*

पुनी आता तिशीला आली. एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवते. बोलते. अनोळखी माणूस तिला दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारायला लाजतो आणि नुसती मान हलवतो. ते तिला कळतं. मला ती 'आबोबा' म्हणते, 'आजोबा'मधला 'ज' तिला कधी सापडला नाही. छाया तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला एसटीनं गेली, नऊ वर्षं. भाकरी थापताना बोलली, धुणं धुताना बोलली, मशीन लावलेल्या पोरीशी प्रत्येक गोष्टीचं नाव घेत बोलली. मला तिनं कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मी त्यावरही काहीतरी रचलं असतं.

पण मला सांगायचंय ते मशीन आल्यानंतरच्या पंधरवड्याचं.

त्या काळी मशीन छातीवर असायचं. कापडी पिशवीत काड्यापेटीएवढी डबी, तिच्यातून दोन वायरी कानांत. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी छायाला घरचा अभ्यास दिला होता. समोर बसायचं, तोंडापुढं पुठ्ठा धरायचा, आणि पोरीचं नाव घ्यायचं. आवाज कानात पडला असं वाटलं की पोरीनं एक मणी डब्यात टाकायचा. पुठ्ठा कशाला? तर चेहरा दिसला की ही चेहरा वाचते, कान कामाला लागत नाही.

"हे तुमी करायचं," छाया मला म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी एवढं बोलली. "ती तुमच्याकडंच जास्त बघती."

पुठ्ठा म्हणजे बँडच्या ड्रेसच्या खोक्याचं झाकण. रोज सकाळी मी बाजेवर बसायचो, पुनी समोर, तिच्यापुढं लाल मणी आणि रिकामा डबा. छाया बाजूला. मी झाकण वर धरायचो आणि म्हणायचो, "पुनी." थांबायचो. "पुनी."

मणी पडायचा नाही. झाकण खाली ओढलं जायचं. दोन्ही हातांनी ओढायची ती, आणि माझ्या कपाळाकडं बघायची. मी कपाळ दगडासारखं धरून बसायचो.

"मामा, भुवई," छाया म्हणायची, ती जरा जरी हलली तर.

बारा दिवस असे गेले. आधी पुनीला तो खेळ वाटला. झाकण ओढायची, हसायची. मग हसणं कमी झालं. मग ती चिडली, झाकणाला लाथ मारली. तिच्या बाजूनं विचार करा. चार वर्षं तिला एका माणसाचा चेहरा सगळं सांगत होता, आणि आता तोच माणूस रोज सकाळी पुठ्ठ्यामागं लपत होता. आणि पुठ्ठा ओढला तर तिथं जो चेहरा होता तो काहीच सांगत नव्हता.

तेराव्या दिवशी मी म्हणालो, "पुनी." तिनं झाकण ओढलं नाही. मी वाट बघितली. मग तिची बोटं झाकणाच्या काठावर आली, अगदी हळू, आणि तिनं ते खाली केलं.

ती माझ्या डाव्या भुवईकडं बघत होती. मी ती हलवली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तेही मी पुसलं नाही. ती थांबली. बराच वेळ थांबली. मग गुडघ्यांवर उभी राहिली, लाल मणी मुठीत तसाच धरून एक बोट पुढं केलं, माझ्या भुवईखाली टेकवलं, आणि ती वर ढकलली.

आणि हसली. एकटीच, खळाळून, जिथं हसायला पाहिजे तिथं.

मी छायाकडं बघितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

मी झाकण पुन्हा वर धरलं. त्यामागं डोळे पुसायला तेवढी जागा होती. मग घसा खाकरला, पोरीचं नाव घेतलं, आणि मणी पडायची वाट बघत बसलो.